दुसरीच्या लेकराचं अंगडं

माय,

सगळे गेले. तुझ्या जलदानविधीला आलेली माणसं जेवली, मागून आणलेली भांडी परत गेली, सतरंजी झटकून झाली. बाबा आणि तुझे जावई बाहेर बसलेत. आता घरात मी आहे, माझी लेक आहे आणि तुझं सूप आहे. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तू असताना तुला एकही पत्र लिहिलं नाही. आता लिहिते. आता तुला वाचून दाखवायला कुणी लागत नाही, असं आपलं मी धरून चालते.

सुरुवात तिथून करते, जिथून तू कधीच करायची नाहीस.

आपलं घर म्हणजे तुराट्यांच्या कुडाची एक खोली. बाबा सालगडी. तू निंदायला-खुरपायला, आणि दुष्काळ पडला तेव्हा रस्त्यावर खडी फोडायला. शिवाय गावात कुणी बाई अडली की हाक तुलाच. पाटलाच्या घरापासून आपल्या वस्तीपर्यंत सगळ्यांची दाई तूच. मिळायचं काय, तर सूपभर ज्वारी आणि एखादं विटकं लुगडं. बाळंतिणीच्या खोलीत तू पार आतपर्यंत चालायचीस आणि बारावा दिवस झाला की पुन्हा उंबऱ्याच्या बाहेर.

माझ्या पाठीवर दोन भाऊ झाले. गावात दुसरी दाई नव्हती, म्हणून दोन्ही वेळा तुझी नाळ तूच कापलीस, ज्या विळ्यानं गवत कापायचीस त्याच विळ्यानं. दोघंही चांगले धडधाकट, दुधाला चिकटून राहणारे. आणि दोघांनीही आठव्या दिवशी दूध सोडलं. जबडा आवळला, अंग कमानीसारखं वाकलं, आणि संपलं. पहिल्या वेळी मी सहा वर्षांची होते, दुसऱ्या वेळी नऊ. लोक म्हणाले, सटवाईनं नेलं. आपण धम्म घेतला, घरातून सटवाई गेली, पण लेकरं जायची थांबली नाहीत. बारावा दिवस उगवलाच नाही म्हणून त्यांची नावं ठेवायची राहिली. तू बोलताना नुसतं "माझे दोन" म्हणायचीस.

मग मी बी.ए. झाले. घरात पहिली, वस्तीत पहिली, आणि आपल्या गावातल्या बायांमध्ये तर सगळ्या जातीत पहिली. सांगायला मला लाज नाही, अजूनही छाती भरून येते. त्या शिक्षणातच मला 'धनुर्वात' हा शब्द कळला. आणि सुट्टीत घरी आल्या आल्या, पिशवीसुद्धा खाली न ठेवता मी काय म्हणाले, ते तुला आठवत असेलच. "माय, ते सटवाईनं न्हाई नेले. तुझ्या विळ्यानं नेले."

तू कोपऱ्यातला विळा उचललास आणि गवताला गेलीस.

त्या वाक्याचं पुढं काय झालं, तेच तर मला सांगायचंय. आणि माय, ते रडत सांगण्यासारखं बिलकुल नाही!

मी आपल्याच भोकरदन तालुक्यात ग्रामसेविका म्हणून लागले आणि दुसऱ्याच वर्षी औरंगाबादला महिनाभराच्या प्रशिक्षणाला गेल्ते. तिथं एक दिवस फिनलंड देशाची नर्सबाई आली. ही उंच, भुवयासुद्धा पांढऱ्या, आणि नाव आयला. ते नाव ऐकल्यावर आम्ही साऱ्या जणी पदराआड इतक्या हसलो, की तिलाही हसू आलं, का ते न कळताच. तिचं बोलणं आमच्या शिक्षिका मराठीत सांगत होत्या. तिनं पिशवीतून एक फोटो काढून वर धरला. पुठ्ठ्याच्या खोक्यात एक लेकरू गाढ झोपलेलं. परतूरकडच्या आष्टीची एक सेविका म्हणाली, "अग बाई, एवढ्या मोठ्या देशात पाळणे न्हाईत का?"

आयलाबाईनं समजावून सांगितलं. त्यांच्याकडं बाई गरोदर राहिली की सरकार तिला एक पेटी देतं. आत लेकराचे कपडे, दुपटी, छोटीशी गादी. पेटी रिकामी झाली की तीच लेकराची पहिली खाट. पण एक अट. चौथा महिना सरायच्या आत बाईनं येऊन स्वतःला तपासून घ्यायचं. आधी तपासणी, मग पेटी. ती म्हणाली, आमच्याकडंही एके काळी बाया गरम वाफेच्या न्हाणीत बाळंत व्हायच्या, आमचीही लेकरं जायची. सुरुवातीला पेटी फक्त गरिबांना होती, मग ती सगळ्यांना द्यायला लागले. मी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि महत्त्वाच्या ओळींखाली रेघा ओढल्या. या शेवटच्या ओळीखाली ओढली नाही. ती पुढं तू ओढलीस.

एसटीतून उतरले ती पळतच घरी.

"माय, खोक्यात लेकरू!"

"अगाई ग! कुणाचं? मेल्यालं?"

"न्हाई ग, झोपल्यालं! सरकार देतं."

"सरकार लेकरू देतंय?"

"लेकरू न्हाई, खोकं!"

"मंग असं दम घिऊन सांग की. खोकं तर वाणीबी देतंय."

मला दम घ्यायचा नव्हता. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरून राह्यली होती. बाई आधी आली, तर धनुर्वाताची सुई देता येते. सुई दिली, दाढीच्या नवीन पत्तीनं नाळ कापली, तर आठवा दिवस निघून जातो. एवढंच तर करायचंय! आणि त्या लोकांनी ते एका खोक्यानं करून दाखवलंय!

तू पिंपळगाव रेणुकाईला मावशीकडं गेल्तीस, नेमकं त्याच आठवड्यात मी जालन्याहून बिस्किटाची पाच रिकामी खोकी आणली. वरून रंगीत कागद चिकटवला. स्वतः मशीनवर बसून नवी कोरी अंगडी-टोपडी शिवली. साबण, दोरा, पत्ती, सगळं आत. आणि आपल्या वस्तीतल्या पोटुशी असलेल्या पाच जणींच्या घरी स्वतः नेऊन दिली. वाटलं, आता बघाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर चार खोकी दारात. पाचवं उकिरड्यावर होतं. त्या पाच जणींतल्या गयाची सासू कमरेवर हात ठेवून अंगणात उभी.

"कुठंय तुझी माय? तिच्या शिकल्याल्या लेकीनं माझ्या सुनंच्या पोटावर काय आणून ठिवलं बघ म्हणावं! लेकरू अजून पोटात न् अंगडं दारात! रातच्याला जेवली न्हाई ती पोरगी. मीठ-मोहऱ्या उतरून उतरून माझा हात दुखून राह्यला."

तू परत आलीस, खोकी पाहिलीस आणि कपाळाला हात लावलास. "इतकी बुकं वाचलीस न् एवढं ठाऊक न्हाई? पोटातल्या लेकराचं काही शिवत न्हाईत, काही आणत न्हाईत. तुझ्या टायमाला तरी म्या एक चिंधी बाजूला काढली व्हती का?"

मी म्हणाले, "माय, ही अंधश्रद्धा आहे."

"असंल. पण बाईचं भ्याव तर खरं हाय ना? ते कुठल्या खोक्यात घालशील?"

दोन दिवस मी घुश्शातच होते. मला राग तुझा नव्हता, माझाच होता. गावातली पहिली बी.ए. आणि गावातल्या साध्या रीतीवर तोंडघशी पडले. तिसऱ्या दिवशी तू तुरीची डाळ निवडत बसली होतीस, शेजारी ते एक खोकं. मध्येच उचलून आत बघायचीस, वास घ्यायचीस, परत ठेवायचीस.

"ती गोरी बाई काय म्हणाली ते बराबर सांग. पयल्यापासून."

मी सांगितलं.

"पेटी देतात ते कपड्यापायी, का बाईनं जल्दी यावं यापायी?"

"बाईनं यावं म्हणून."

तू मूठभर डाळ सुपात पसरलीस. खडे काढलेस. मग वर न बघता म्हणालीस, "आपल्या लेकराचं शिवायचं न्हाई ना? मंग दुसरीच्या लेकराचं शिवू दे. त्याला कुणाची मनाई हाय?"

माय! मी उठून उभीच राहिले. औरंगाबादच्या त्या सबंध महिन्यात मला कुणी असं काही शिकवलं नव्हतं.

आणि मग आपण दोघी लागलोच ना कामाला! कुणाला दिवस गेले, हे तिच्या नवऱ्याच्या आधी तुला कळायचं. विहिरीवर तू तिच्याजवळ जायचीस आणि हळूच म्हणायचीस, "अमकी बाळंत व्हायला आली. तिच्या लेकराला एक जुनेर दे. बाजाराच्या दिशी आपल्या दारात ये न् दोन टाके घाल." बस. तिच्या स्वतःच्या पोटाबद्दल एक शब्द नाही. बाई जुनं मऊ कापड घेऊन यायची, दुसरीच्या लेकराचं अंगडं शिवत बसायची, आणि तिथंच हसनाबादहून आलेली नर्स सिस्टर तिचे डोळे बघायची, पायाची सूज बघायची, सुई द्यायची. तेव्हा वहीत नाव म्हटलं की बाया शेताकडं पळायच्या. नाव लिहिलं की नसबंदीच्या ऑपरेशनला नेतात, अशी धास्ती घरोघर होती. कापड घेऊन ये म्हटलं की मात्र यायच्या. हातात सुई-दोरा आला, गप्पा रंगल्या, की सिस्टर विचारून, सांगून नाव लिहायची. तोवर भीड मोडलेली असायची.

जुनेर तर लेकराला लागतंच. पहिलं कापड जुनंच हवं, ज्या घरात लेकरं वाढली त्या घरचं हवं, ही आपलीच रीत. तू ती सगळी कापडं मोठ्या भगुन्यात सोडा टाकून उकळायचीस, कडक उन्हात वाळवायचीस, आणि गाठोडं बांधून आपल्या घरी ठेवायचीस. आत दोन अंगडी, चार दुपटी, साबण, उकळलेला दोरा, कागदातली नवी पत्ती. कळा सुरू झाल्याचा निरोप आला की गाठोडं तुझ्याबरोबर जायचं. म्हणजे लेकराच्या आधी घरात काहीच येत नव्हतं. खोकंही लागलं नाही. पाचव्या दिवशी लेकरू सुपात ठेवतातच, आणि सूप घरोघर आहे.

भांडण एकाच गोष्टीवर झालं. मला हे आपल्या वस्तीपुरतं आणि मजुरी करणाऱ्या बायांपुरतं हवं होतं. मी म्हणाले, "पाटलाच्या सुनेला काय कमी आहे? आणि आपल्या घरचं कापड त्या घेतील का? उगाच अपमान करून घ्यायचा." मी पदवीधर, मला आता कुणाच्या उंबऱ्याबाहेर उभं राहायचं नव्हतं. तू का जातेस अजून, यावरून तर आपलं कायमच चालायचं.

तू विचारलंस, "ती गोरी बाई काय म्हणाली व्हती? आधी गरिबाला, मंग सगळ्यांला. ह्या 'मंग'ला त्यांना किती वर्सं लागली?"

"असतील बरीच."

"मंग आपून तेवढा टाइम काहून घालवायचा?"

मी त्याच दिवशी वही काढली आणि त्या ओळीखाली रेघ ओढली.

पहिलं गाठोडं गेलं ते गयाकडं. तिच्या त्याच सासूनं कापडाला नाक लावलं, साबणाचा वास आला, आणि "असू दे" म्हणाली. मी दाराशी होते. पाटावर तुझा विळा नव्हता. कागदातून पत्ती काढलीस, उजेडाकडं धरून उलटसुलट पाहिलीस. नाळ कापलीस, दोरा आवळलास, लेकरू रडलं. नंतर हात धुताना तू मला अगदी हळू विचारलंस, "ही पत्ती तव्हा मिळत व्हती का ग दुकानात?"

मी म्हणाले, "मिळत होती."

खरं तेच सांगितलं. पण माय, एकदा खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं? निदान पुढं एवढं तरी जोडायला हवं होतं, की तुला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायला कुणी आलंच नव्हतं. शाळा, दवाखाना, सेविका, सगळं तुझ्यापर्यंत यायला उशीर झाला, आणि तो उशीर तुझा नव्हता. हे वाक्य मी मनात कितीतरी वेळा जुळवलं. तुझ्यापुढं उभी राहिले की दुसरंच काही बोलून जायचे.

पाटलाच्या घरी सून बाळंत झाली, तो प्रसंग तर मी अजून लोकांना सांगते. पाटलीणबाई सुपात वाकून बघून राह्यल्या होत्या. दुपट्यांत एक तुकडा निळ्या काठाचा. निळा काठ कुठल्या वस्तीतला ते गावाला सांगावं लागत नाही.

"कौसे, हे निळं कुणाच्या घरचं ग?"

तू हातातलं काम न थांबवता म्हणालीस, "उकळलंय बाई. उकळल्यावर कापडाला घर राहत न्हाई."

पाटलीणबाईंनी त्या काठावर बोट फिरवलं. तोंडावरून काही कळेना. मी मनात म्हटलं, आता गाठोडं बाहेर येतंय. तेवढ्यात नातवानं त्या निळ्या काठावरच धार सोडली.

"घ्या," तू म्हणालीस, "त्यानं तर घेतलं."

पाटलीणबाईंना हसू आवरेना. महिन्याभरानं त्यांनी दोन मऊ लुगडी पाठवली, "दुसरीच्या लेकराला" असा निरोप देऊन. त्यानंतर त्या तुला 'कौसाबाई' म्हणायला लागल्या. तुझ्या ते ध्यानात आलं की नाही, कोण जाणे. माझ्या आलं.

मी आयलाबाईला पत्र लिहिलं. शिक्षिकांनी ते इंग्रजीत करून दिलं. सुपाचं चित्र काढून पाठवलं. उत्तर आलं! तिनं लिहिलं होतं, आमची पेटी बघायला माणसं लांबून येतात, पण दुसरीच्या लेकरासाठी शिवायचं हे आम्हाला सुचलं नव्हतं. मी तुला वाचून दाखवलं. तू म्हणालीस, "त्यांच्याकडं थंडी लई म्हणतात. आपून एखादं वाकळेचं दुपटं धाडावं का?" आणि खरंच शिवायला घेतलंस. ते अर्धं राहिलंय, माय. मी पुरं करून धाडते.

मग माझं लग्न झालं आणि माझ्या बाळंतपणाची वेळ आली. तुझे जावई मास्तर माणूस, म्हणाले, औरंगाबादला मोठा दवाखाना आहे, तिथं जाऊ. सिस्टरनं तपासून सांगितलं, सगळं ठीक आहे, घरी झालं तरी चालेल, मी येते. मला वाटतं, तू वाट बघत होतीस. ज्या लेकीनं तुला ते विळ्याचं वाक्य ऐकवलं, ती आता काय म्हणते याची.

मी म्हणाले, "मायच्या हातानं."

तू लगेच उठून चुलीकडं गेलीस, भगुन्यात पाणी चढवायला. पाठ फिरवूनच उभी होतीस. पाणी उकळून गेलं तरी उभीच.

लेक झाली. गाठोड्यात गयाचं कापड होतं, पाटलीणबाईंचं होतं, आणखी कुणाकुणाचं. मला ओळखू येत होतं, तरी मी विचारलं नाही. आणि आठवा दिवस. त्या दिवशी तू कामाला गेली नाहीस, जेवली नाहीस. सूप मांडीजवळ घेऊन उन्हं चढल्यापासून तिच्या तोंडाकडं बघत बसलीस. दर घटकेला म्हणायचीस, "पाज." मी म्हणायचे, "आत्ताच पाजलं." "पाज, मला बघू दे." दुपार कलली. तिनं पुन्हा दूध ओढलं, असं चपचप आवाज करत, की बाहेर बसलेल्या बाबांना ऐकू गेलं. तू बोटानं तिचा जबडा हलवून पाहिलास. मऊ होता. तेव्हा तू पदर तोंडावर घेतलास आणि रडलीस. मला वाटतं, तिघांसाठी रडलीस.

मी माफी मागितली नाही, माय. तोंडानं नाही मागितली. लेकरू तुझ्या हातात दिलं होतं, तेवढंच मला जमलं. तुला ते कळलं असेल, असं समजून चालते. बाराव्या दिवशी तूच तिच्या कानात नाव सांगितलंस, आणि एवढ्या मोठ्यानं, की ती दचकून रडायला लागली. "कानात सांगतात, गावाला न्हाई," बाबा म्हणाले. तू म्हणालीस, "गावाला बी कळू द्या."

आता ताजी खबर. पिंपळगाव रेणुकाईच्या दोन दाया तुझ्या जलदानाला आल्या होत्या. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, ते गाठोड्याचं आमाला बी शिकवा." पुढच्या बाजारी जातेय! गया आणि पाटलाची सून काल एकाच वेळी दारात आल्या, दोघींच्या हातात जुनेर. कुणाला कितवा महिना, ते मी विचारलं नाही. तुझी रीत मोडली नाही.

आणि तुझं पांढरं लुगडं, ते मऊ झालेलं, ते मी ट्रंकेत ठेवणार होते. मग काल भगुनं चढवलं. सोडा टाकला. उन्हात वाळवून तुकडे केले. पुढचं लेकरू कुणाचं, ते कुणाला ठाऊक. ज्याचं असेल त्याचं.

विळा कोपऱ्यात आहे. त्यानं आता फक्त गवत कापतात. तो नाळेवरून उतरला आणि त्याच्या जागी पत्ती आली, तेव्हापासून आपल्या गावात एकही लेकरू आठव्या दिवशी गेलं नाही. सगळ्यांची बारशी झाली. सगळ्यांना नावं आहेत.